कुर्गान: नुसता ढिगारा की इमारत? आणि हे शक-सिथियन मुळात उगवले कुठून?

जुनी वही

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण मला ते एकमेकांत गुंतलेले वाटतात.

शाळेत आपण 'शक, कुशाण, हूण' अशी रांग पाठ केली. त्यातल्या शकांचेच भाऊबंद म्हणजे ग्रीकांच्या लेखी सिथियन. ते वायव्येकडून आले, लढले, मिसळले, पुढचा धडा. येण्याआधी ही मंडळी काय करत होती, यावर चकार शब्द नाही. आता जरा वाचायला घेतलं तर लक्षात येतं की त्यांनी शहरं वसवली नाहीत, स्वतःबद्दल लिहून ठेवलं नाही; मागे सोडले ते कुर्गान. डॅन्यूबच्या खोऱ्यापासून पार मंगोलियापर्यंत पसरलेले, थडग्यांवरचे हजारो उंचवटे.

त्यातला मला वेड लावणारा म्हणजे आर्झान-१. रशियातल्या तुवामध्ये, उयुक नदीच्या खोऱ्यात. १९७१ ते १९७४ मध्ये मिखाईल ग्र्याझ्नोव्ह आणि मन्नाय-ओल यांनी तो उकरला. व्यास सुमारे ११० मीटर. आत मातीचा डोंगर असेल असं वाटावं, तर निघालं सगळं लाकूडकाम. मध्ये ओंडक्यांची चौकोनी खोली, तिच्यात राजा आणि त्याची सोबतीण, आणि तिथून बाहेर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या गेलेल्या ओंडक्यांच्या भिंती. अशा सत्तरेक खोल्या, त्यावर दगडांचा जाड थर. लगामासकट पुरलेले १६० च्या आसपास घोडे. काळ इ.स.पू. नवव्या शतकाची अखेर किंवा आठव्याची सुरुवात. म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध सिथियन थडग्यांच्या शेकडो वर्षं आधी! आणि तरीही सिथियन म्हणून जे ओळखलं जातं ते तिन्ही तिथे हजर: शस्त्रं, घोड्याचं सामान आणि ती प्राण्यांची कला. अंगाचं वेटोळं करून बसलेला ब्राँझचा बिबट्या तिथलाच.

तर (१) कुर्गानला स्थापत्य म्हणावं का? (२) आर्झान सगळ्यात जुनं, म्हणून सिथियन संस्कृती पूर्वेकडून पश्चिमेला गेली असं म्हणणं बरोबर आहे का? माझं मत दोन्हीला 'हो'. खोडून काढा.

खडूस

ढिगाराच आहे. राजा मोठा तर ढिगारा मोठा. पुढचा धागा आणा.

ओव्हरसियर

खडूस, माती टाकून वीस मीटर उंच ढीग करा आणि दोन पावसाळे जाऊ द्या. मग माझ्याशी बोला.

उभी नोकरी मातीकामात गेली, म्हणून या बाबतीत थोडं बोलू शकतो. सुट्टी माती आपला उतार आपण ठरवते. त्यापेक्षा उभा चढ दिलात की ती घसरते, पाणी लागलं की आणखी घसरते. युक्रेनमधला चेर्टोम्लिक घ्या. मूळ उंची वीस मीटरच्या घरात होती. तो टिकला कारण तो सुट्ट्या मातीचा नव्हता. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या एकावर एक रचल्या होत्या आणि पायथ्याला दगडी कठडा. मुळं मातीला धरून ठेवतात, कठडा पायथा सरकू देत नाही. हे करणाऱ्याला भार कुठे जातो ते ठाऊक होतं.

आर्झानची अडचण वेगळी. तिथे भार दगडाचा आणि खाली पोकळ खोल्या. आरे असल्यामुळे प्रत्येक भिंतीला शेजारच्या भिंतीचा आधार मिळतो. एक मोठी खोली बांधून तिच्यावर दगड टाकले असते तर छप्पर केव्हाच बसलं असतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: शंभर टक्के इमारत. फक्त आत राहणाऱ्याला तक्रार करता येत नाही, एवढाच कंत्राटदाराचा फायदा.

मेघना_के

ओव्हरसियर साहेब, सलाम! त्या लाद्यांबद्दल थोडी भर. जर्मन पुरातत्त्वज्ञ रेनाटे रोल यांनी १९८० च्या दशकात युक्रेनियन सहकाऱ्यांबरोबर चेर्टोम्लिक पुन्हा तपासला. त्यांचा विचार असा की या लाद्या म्हणजे मेलेल्या राजाला दिलेलं कुरण. ज्याची सगळी दौलत जनावरांत, त्याला वरच्या प्रवासाला गवत नको का? मग आकाराचं कोडंही थोडं सुटतं. एवढा मोठा पट्टा सोलून काढला म्हणजे तिथलं गवत काही वर्षं गेलंच. जिवंत माणसांनी आपल्या चराईतला वाटा दिला.

याच पट्ट्यात तोव्स्ता मोहिला आहे. १९७१ मध्ये बोरिस मोझोलेव्स्की यांनी उकरला. गृहस्थ कवीही होते. त्याच्या भोवतीच्या खंदकात श्राद्धाच्या जेवणाची हाडं सापडली. घोडे, रानडुकरं, हरणं. मांसाच्या अंदाजावरून हजाराच्या वर माणसं जेवली असावीत.

आणि तिथलाच तो गळ्यातला सोन्याचा अलंकार, ११५० ग्रॅमचा. घडवणारा बहुधा ग्रीक सोनार, पण विषय पूर्ण गवताळ प्रदेशातला. वरच्या पट्टीत उघड्या अंगाचे दोन दाढीवाले पुरुष मेंढीच्या कातड्याचा सदरा दोन बाजूंनी धरून बसलेत. बाणांचे भाते शेजारीच, हाताशी. बाजूला वासरू गाईला लुचतंय, शिंगरू घोडीला लुचतंय, एक जण मेंढीची धार काढतोय. खालच्या पट्टीत एकदम हिंसा: पंखवाले राक्षसी प्राणी घोड्यांना फाडतायत. आणि त्याच पट्टीच्या अगदी टोकाला, निमुळत्या जागेत, समोरासमोर बसलेले इवलेसे नाकतोडे! राजाच्या गळ्यात घालायच्या दागिन्यात नाकतोडा घालायचं ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

खडूस

म्हणजे मेल्यावरही चाऱ्याची सोय. आमच्याकडे जिवंतपणी छावणी वेळेवर सुरू होत नाही.

पाटीपेन्सिल

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

डॉक्टर_बिनपगारी

माझा रस हाडांमध्ये. आर्झान-२ चं उत्खनन २००१ ते २००३ मध्ये कॉन्स्टँटिन चुगुनोव्ह, हर्मान पार्झिंगर आणि अनातोली नागलर यांनी केलं. इ.स.पू. सातव्या शतकातलं, न लुटलेलं थडगं. सोनंच वीसेक किलो. त्यातला राजा पन्नाशीच्या अलीकडचा, आणि त्याच्या हाडांत प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेला होता. दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात, उकोक पठारावर १९९३ मध्ये नतालिया पोलोस्माक यांना सापडलेली गोंदवलेली स्त्री पंचविशीतली. तिच्या शरीराचं एमआरआय केलं तेव्हा स्तनाचा कर्करोग दिसला. त्या वयात, त्या थंडीत, औषध काय? थडग्यात गांजाचं बी सापडतं ते नुसतं मौजेसाठी नसावं असं मला वाटतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय की सिथियन लोक तंबूत तापलेल्या दगडांवर बिया टाकतात आणि धूर घेऊन ओरडतात. अल्ताईतल्याच पाझिरिकच्या थडग्यांत त्या तंबूच्या काठ्या, ब्राँझचं भांडं, दगड आणि बिया, सगळा संच निघाला. बाबाजी उगाच बोलत नव्हते.

वऱ्हाडी ठेचा

काय राव, तुवा न् अल्ताई करून राहिले, अन् आमच्या जुनापाणीचं नाव कोणीच घेत नाही! नागपूरच्या वेशीवर तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात घोडे निघाले, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले, लोखंडी लगाम निघाले. काळ इ.स.पू. पहिलं सहस्रक. मोठ्या दगडांचं वर्तुळ, आत भराव, भरावात माणूस न् घोडा. आता सांगा, हे कुर्गान नाही तर काय हाये?

जुनी वही

ठेचाभाऊ, साम्य डोळ्यात भरतं हे खरं. पण माझी गाडी तीन ठिकाणी अडते. एक, विदर्भातल्या वर्तुळात बाहेरचे दगड भराव सांभाळतात. ओंडक्यांची खोली, तिच्यावरचं छप्पर, हा कुर्गानचा गाभा तिथे नाही. दोन, अल्ताई ते नागपूर या वाटेवर अशा थडग्यांची सलग साखळी लागत नाही. तीन, तिथला माणूस शेती करत होता, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली आहे. घोड्याला मान होता म्हणून तो गवताळ प्रदेशातून आला असं होत नाही. घोडा मात्र बाहेरूनच आला असणार, तेवढं तुमचं.

वऱ्हाडी ठेचा

तेवढं तरी दिलं. बरं, आता कोणी पुण्याहून जुनापाणी पाहाले आलं तर सांगा, चहा माझ्याकडे. दगडं अजून आहेत तोवर या. रस्ते न् प्लॉट पसरून राहिले.

सरस्वतीकाठ

मुद्दाम शांत होतो. कुर्गान म्हटलं की मागून 'आर्य बाहेरून आले' येतंच. कुर्गान बांधणाऱ्यांनीच इंडो-युरोपीय भाषा पसरवल्या, हा सिद्धांत मारिया गिंबुटास यांनी १९५६ मध्ये मांडला तो भाषेच्या गरजेपोटी. हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यात स्टेपचा (गवताळ प्रदेशातल्या लोकांचा) जनुकीय अंश शून्य निघाला, आणि ते काम आपल्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूचं. विषय संपला.

मेघना_के

विषय तिथे सुरू होतो हो. राखीगढीची ती स्त्री सिंधू संस्कृतीच्या ऐन बहरातली. तिच्यात स्टेपचा अंश नाही, आणि आजच्या बहुतेक भारतीयांत कमीअधिक आहे, म्हणजे तो नंतर आला. २०१९ मध्ये सायन्समध्ये आलेल्या अभ्यासात तो काळ ढोबळमानाने इ.स.पू. २००० ते १५०० दिला आहे. त्या दोन्ही निबंधांच्या लेखकांच्या यादीत शिंदे सर आहेत. दुसरं, गिंबुटास यांचे कुर्गान आणि आर्झान यांच्यात दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. त्यांचा रोख यम्नाया वगैरे लोकांवर होता: इ.स.पू. ३३०० च्या सुमाराचे, खड्ड्यात गुडघे दुमडून पुरलेले, अंगावर गेरू, कधी सोबत लाकडी चाकांची गाडी. आर्झानचे लोक घोडेस्वार. दोघांना एकाच पोत्यात घालू नये.

सरस्वतीकाठ

पोती वेगळी, पण गोदाम एकच ना? 'कुर्गान' म्हणून तुम्हीच एका धाग्यात आणलीत.

उंबरठा

याला म्हणतात बिनतोड.

व्यवस्थापक

आर्य विषयावर आधीच तीन धागे सुरू आहेत, तिथे जागा भरपूर आहे. इथे थडग्यांबद्दल बोला.

गोदाकाठ

व्यवस्थापकांचा मान राखून, महाराष्ट्रातल्या शकांबद्दल एक. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एकात तो स्वतःला शक म्हणवतो, आणि एकात तीन लाख गायी दान दिल्याचं सांगतो. आकडा कवीचा असला तरी हौस बघा! पुढे त्याच लेण्यांत गौतमीपुत्राची आई बालश्री आपल्या मुलाने शक, यवन, पल्हवांचा नाश केला म्हणून कोरवते. जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाणी मिळाली. नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला.

मला गंमत वाटते ती ही, की शक इथपर्यंत आले आणि त्यांनी नाशिकला एकही कुर्गान उभारला नाही. भिक्षूंसाठी डोंगर खोदून लेणं दिलं. तीन-चार पिढ्यांत माणूस दौलत कुठे दाखवायची ते बदलतो. म्हणून 'कुर्गान बांधतो तो शक' हे समीकरण मला कच्चं वाटतं.

बर्फाळ मुलूख (आल्माटी)

कामानिमित्त इथे राहतो. इस्सिकचा कुर्गान शहरापासून तासाभरावर. १९६९-७० मध्ये केमाल अकिशेव्ह यांच्या चमूने उकरला. मधली खोली चोरांनी केव्हाच साफ केली होती, पण बाजूच्या खोलीला हात लागला नव्हता. तिथे निघाला तो 'सोनेरी माणूस': सोन्याचे चारेक हजार तुकडे, उंच टोकदार टोपी. आज आल्माटीच्या स्वातंत्र्य स्मारकावर तोच उभा आहे. सांगाडा पुरुषाचा की तरुणीचा यावर वाद आहे, पण चौकात उभ्या पुतळ्याला कोण विचारतो.

चोरांबद्दल सांगायचं तर सायबेरियात अठराव्या शतकात कुर्गान फोडणं हा चालू धंदा होता. टोळ्या करून जायचे. पीटर द ग्रेटने सोनं वितळवू नका, माझ्याकडे पाठवा असा हुकूम काढला म्हणून काही वाचलं. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. सगळ्यात पक्का चोर मात्र आर्झान-२ मध्ये फसला. मधोमध दोन खड्डे आहेत, दोन्ही रिकामे. खरी खोली मध्यापासून बाजूला. हे बांधणाऱ्याने चोराचं डोकं ओळखून केलेलं नियोजन आहे. ओव्हरसियर काका, हे तुमच्या यादीत टाका.

ओव्हरसियर

टाकलं. आता पाझिरिकबद्दल राहवत नाही. तिथे चार ते सात मीटर खोल खड्डा, तळाला ओंडक्यांची एकात एक अशी दुहेरी खोली, तिच्यावर ओंडक्यांचे थर, मग माती, वर गोट्यांचा ढीग. दगडांतल्या फटींतून हिवाळ्यातली गार हवा खाली उतरते, उन्हाळ्यात वरचा थर ऊन अडवतो. खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली राहते. त्यात चोरांनी भोक पाडलं, त्यातून पाणी आत गेलं आणि गोठलं. चोराने सोनं नेलं आणि बाकी सगळं बर्फात जपून ठेवलं! त्या भागात सगळीकडे जमीन कायम गोठलेली नाही, दगडांखालीच तशी राहिली. बांधणाऱ्यांच्या मनात हे होतं का? मला नाही वाटत. पण झालं ते त्यांच्या बांधकामामुळेच.

पुरातत्त्वज्ञ रुडेंको यांनी १९४७ ते १९४९ मध्ये तो बर्फ गरम पाणी ओतून वितळवला. पाणी तापवा, ओता, उपसा, पुन्हा तापवा. त्यातून जगातला सर्वांत जुना अखंड गालिचा निघाला, सुमारे १८३ बाय २०० सेंटिमीटर, एका चौरस सेंटिमीटरमध्ये छत्तीसेक गाठी. शिवाय नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) हंस आणि आख्खी चारचाकी गाडी.

सुलभाताई

सगळं ऐकलं, पण त्या घोड्यांचं आणि नोकरांचं काय? राजाबरोबर त्याची बाई, स्वयंपाकी, मोतद्दार यांना गळा दाबून मारत, असं हेरोडोटस लिहितो ना? तो गालिचा बघताना हे आठवत राहतं.

मेघना_के

हो ताई. शिवाय तो सांगतो की वर्षाने ५० सेवक आणि ५० घोडे मारून, पोटात भुसा भरून, थडग्याभोवती उभे करत. बराच काळ याला गप्पा समजत. मग २०२४ मध्ये तुवातल्याच तुन्नुग-१ मधून १८ घोड्यांचे अवशेष आणि निदान एका माणसाचे, बळी दिलेले, असा निबंध आला. काळ इ.स.पू. नवव्या शतकाची अखेर. हेरोडोटसच्या चारशे वर्षं आधी आणि त्याच्यापासून हजारो किलोमीटरवर. आकडे जुळत नाहीत, पण चाल जुळते.

खडूस

राजाचा मोतद्दार होण्यात काही राम नाही, एवढं कळलं.

निळी शाई

उशिरा आलो. धाग्याचा दुसरा प्रश्न सगळेच विसरलात, म्हणून लिहितो.

'पूर्वेकडून पश्चिमेला' याच्या बाजूने पुरावा चांगला आहे. तुवात नववं शतक. अश्शूरच्या (आजच्या इराकमधल्या जुन्या साम्राज्याच्या) लेखांत सिथियन येतात ते सातव्या शतकात, राजा एसरहद्दोनच्या वेळी. कॉकेशसच्या उत्तरेला केलेर्मेससारखे श्रीमंत कुर्गानही सातव्याच शतकातले. खुद्द हेरोडोटस तीन कथा देऊन म्हणतो की मला तिसरी पटते: सिथियन मुळचे आशियातले, मस्सागेट नावाच्या टोळ्यांनी रेटल्यावर पश्चिमेला आले.

पण आर्झानचा काळ एवढा नेमका का सांगता येतो? तिथे लाकूड टिकलं. ओंडक्यांची वलयं मोजता येतात, त्यांना कार्बन-१४ चा आधार देता येतो. युक्रेनच्या काळ्या मातीत लाकूड कुजतं, तिथे बराचसा काळ ग्रीक भांड्यांवरून ठरतो, आणि ग्रीक भांडी यायच्या आधीचं थडगं असेल तर? शिवाय साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बन-१४ चा आलेख जवळपास सपाट आहे. त्यातल्या कुठल्याही हाडाला यंत्र 'या चारशे वर्षांत कधीतरी' असं मोघम उत्तर देतं. आर्झान त्या सपाटीच्या आधी पडतो, म्हणून त्याचा काळ सुटा दिसतो. म्हणजे जुनी वही यांचे दोन्ही प्रश्न खरंच एक आहेत, फक्त उलट्या बाजूने: ज्यांनी लाकडाने बांधलं आणि थंडीत बांधलं, ते आपल्याला आधीचे दिसतात.

जनुकांचं म्हणाल तर पूर्वेचे आणि पश्चिमेचे 'सिथियन' एका वंशाचे निघत नाहीत. दोन्हीकडे ब्राँझयुगीन गवताळ प्रदेशाचा अंश, त्यात पूर्वेला पूर्व आशियाई मिश्रण बरंच जास्त. माणसांची एकच लाट गेली असं चित्र नाही. लगाम, बाणांची टोकं, वेटोळ्यातला बिबट्या, ही मात्र वेगाने फिरली.

जुनी वही

निळी शाई, लाकडाचा मुद्दा जोरदार. तरी मी पूर्व सोडत नाही. मंगोलियात आर्झानच्याही आधीची, दगडी ढिगांची आणि हरणं कोरलेल्या उभ्या शिळांची परंपरा आहे, तिथेही भोवती घोड्यांची डोकी पुरलेली. उर्त बुलागिनला अशा छोट्या ढिगांची संख्या सतराशेच्या आसपास. आणि हरणशिळेचा एक तुकडा खुद्द आर्झान-१ मध्ये मिळाला. म्हणजे आर्झानच्या मागे काहीतरी उभं आहे आणि ते पूर्वेलाच आहे. पश्चिमेला त्या काळातलं एवढं घोडावेड दाखवा, मी मत बदलतो.

गोदाकाठ

घोडावेड पूर्वेचं, सोनारकाम पश्चिमेचं, आणि तीन लाख गायी नाशिकच्या. वाटणी झाली.

निळी शाई

जुनी वही, दाखवतो, पण आधी तुन्नुगच्या खालच्या थरांचे निकाल पूर्ण येऊ द्या. पाणथळ जागा आहे, लाकूड बरं राहिलंय. तिथली वलयं आर्झानच्या मागे गेली तर मीच तुमच्या बाजूने धागा काढेन.

वऱ्हाडी ठेचा

तोवर जुनापाणीचा कट्टा ठरवा. डिसेंबरात ऊन बरं असते.

सुलभाताई

मी येते. पाण्याची सोय आहे का तिथे?